तंबूतला चैत्र

चैत्र जवळ आला की आमच्या भागातली पोरं आंब्याच्या मोहोराकडे बघत नसत, सडकेकडे बघत. माण-खटाव हा साताऱ्याच्या पूर्वेचा दुष्काळी मुलूख. इथे वसंत ऋतू फुलापानांतून कमीच दिसतो. ज्वारी खळ्यातून घरात आलेली असते, रानं मोकळी झालेली असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा सुरू झालेल्या असतात. अशा दिवसांत सडकेवर धुरळा उठायचा, त्यातून एक जुना ट्रक बाहेर यायचा आणि आम्ही 'टॉकीज आली, टॉकीज आली' असं ओरडत त्याच्यामागे धावत सुटायचो. ट्रकमध्ये तंबूची कनात असे, बांबू असत, जनरेटर असे आणि ताडपत्रीखाली झाकलेलं प्रोजेक्टरचं यंत्र असे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जत्रेच्या माळावर एक चित्रपटगृह उभं राही. चार-पाच रात्री ते आमचं असे. मग पुढच्या गावाचं.

या फिरत्या टॉकीजच्या, म्हणजे तंबू सिनेमाच्या, चैत्रातल्या हंगामाविषयी मला बोलायचं आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. लढाया, तह आणि सनावळ्या पाठ करून मी पास झालो. पुढे हौसेनं सिनेमाचा इतिहासही वाचला. त्यात स्टुडिओ भेटले, दिग्दर्शक भेटले, नट-नट्या भेटल्या. आमचा तंबू मात्र एखाद्या ओळीत येई आणि निघून जाई. तो ज्यांनी पाहिला ती माणसं अजून आहेत, तोवर त्याची थोडी नोंद व्हावी, एवढाच या बोलण्याचा हेतू.

गंमत अशी की आपल्याकडे तंबू हा चित्रपटगृहाच्या आधीचा आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट एक रुपया होतं. त्या काळी एक रुपया म्हणजे गरिबाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. खास सिनेमासाठी बांधलेली इमारत तेव्हा नव्हती. खेळ व्हायचे ते हॉटेलात, नाटकगृहात, नाहीतर मैदानात तंबू ठोकून. कलकत्त्यात जमशेदजी मदन यांनी मैदानावर तंबू टाकून सुरुवात केली आणि पुढे चित्रपटगृहांची मोठी साखळी उभारली.

अशाच एका तंबूवाल्याचं नाव मला विशेष जवळचं वाटतं. ते म्हणजे अब्दुल्लाली युसुफअली. १९०१ च्या सुमारास हा विशीतही न पोचलेला तरुण तंबू आणि यंत्र घेऊन सिंगापूर, सुमात्रा, ब्रह्मदेश असा हिंडू लागला. तेव्हाच्या फिल्म म्हणजे शे-दोनशे फुटांचे तुकडे. असे चाळीस-पन्नास तुकडे जोडून एक खेळ व्हायचा. व्हिक्टोरिया राणीच्या अंत्ययात्रेचं चित्रण त्याच्या पेटीत होतं आणि ते बघायला गर्दी लोटायची. १९०८ पासून पाच-सहा वर्षं त्यानं हिंदुस्थानात तंबू फिरवला. मग तो मुंबईत स्थिरावला आणि अर्देशिर इराणी यांच्या भागीदारीत चित्रपटगृहं चालवू लागला. गिरगावातलं मॅजेस्टिक हे त्यांचंच. १४ मार्च १९३१ रोजी याच मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट झळकला. ज्या माणसानं मुक्या चित्रांचा तंबू खांद्यावर वाहिला, त्याच्याच थिएटरात सिनेमाला कंठ फुटला.

दादासाहेब फाळके यांचंही तसंच. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला हे आपण शाळेपासून ऐकतो. पण मुंबई म्हणजे देश नव्हे हे फाळके यांना ठाऊक होतं. यंत्र आणि फिल्म घेऊन ते स्वतः गावोगाव गेले. 'लंका दहन'च्या वेळी तर तिकिटांची चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. नाणी मोजण्याइतकी गर्दी झाली ती आण्या-दोन आण्यांच्या गिऱ्हाइकांमुळे. भारतीय सिनेमाचा पाया त्या चिल्लरीवर उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर तालुक्याच्या गावी पक्की थिएटरं झाली, पण खेड्यांपर्यंत ती पोचली नाहीत. ती जागा फिरत्या टॉकीजनं भरून काढली. १९५३ च्या मुंबई सिनेमा नियमन कायद्याखाली तिला परवाना घ्यावा लागे. करमणूक कराचा हिशेब द्यावा लागे. आगीची धास्ती तर कायमची. सुरुवातीच्या काळातली नायट्रेटची फिल्म पाहता पाहता पेट घ्यायची. १९५० नंतर न पेटणारी फिल्म आली, तरी तंबूच्या दाराशी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असायच्याच. आम्ही पोरं त्या बादल्यांत शेंगांची टरफलं टाकायचो आणि मार खायचो.

आता हा हंगाम चैत्रातच का, ते सांगतो. एक तर पावसाची भीती नाही आणि थंडीही सरलेली, त्यामुळे उघड्या माळावर रात्री बाराएकपर्यंत बसता येतं. दुसरं, सुगी झालेली, हातात चार पैसे. तिसरं कारण मुंबईचं. आमच्या भागातल्या घरटी एक माणूस गिरणीत होता. तो दिवाळीला एक वेळ येणार नाही, पण गावच्या जत्रेला येणारच. त्याच्या खिशात पगार असायचा आणि डोक्यात मुंबईत पाहिलेला सिनेमा. 'अमुक पिक्चर आणा' अशी मागणी तोच टॉकीजवाल्याकडे करायचा. लॅमिंग्टन रोडवर नाझ सिनेमाच्या इमारतीत वितरकांच्या कचेऱ्या होत्या. तिथून जुन्या प्रिंट हंगामापुरत्या भाड्यानं घ्यायच्या आणि पत्र्याच्या पेट्यांतून गावोगाव न्यायच्या, असा तो धंदा. एका अर्थानं आमच्या जत्रेतला सिनेमा मुंबईच्या मागावर विणला जात होता.

तंबूच्या आत खुर्ची नावाची वस्तू नव्हती. जमिनीवर बसायचं. घरून पोतं, घोंगडी, नाहीतर सतरंजी न्यायची. मध्ये एक कनात लावलेली असे. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. यंत्र मागं ट्रकच्या हौद्यातच उभं असे. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये ठिणगी पेटायची आणि तो पांढरा झोत डोक्यांवरून पडद्यापर्यंत जायचा. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार. पुढचं रीळ चढेपर्यंत शिट्ट्या, पोरांचं रडणं आणि बायांच्या गप्पा. नव्या रिळाच्या आधी कधी नारळ फुटायचा, कधी यंत्राला उदबत्ती ओवाळली जायची. जळून आखूड झालेले कार्बनचे तुकडे ऑपरेटर ट्रकखाली टाकायचा. सकाळी ते वेचायला आमच्यात मारामारी व्हायची.

सगळं गाव तंबूत एकत्र बसायचं, असं म्हणायचा मोह होतो. पण इतिहास शिकलेल्या माणसानं खरं सांगावं. बसण्याच्या जागा गावातल्या आळ्यांप्रमाणेच पडायच्या. कोण पुढे, कोण कडेला, हे न सांगता ठरलेलं असायचं. पण तिकीट सगळ्यांना सारखं होतं, जमीन सारखी होती आणि रिळाच्या मधल्या अंधारात शेंगा कुणाच्या पुढ्यातून कुणाच्या हातात जात, ते कुणी विचारत नव्हतं. गावात याहून मोठी सवलत त्या काळी क्वचितच मिळायची.

पडद्यावर काय काय यायचं? अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्यात तो अडीच वर्षांच्या आसपास चालला होता. आमच्याकडे त्याची झिजलेली प्रिंट वीस वर्षांनीही भरगच्च चाले. शांतारामबापूंचा 'पिंजरा' लागे तेव्हा मोठी मौज. एका तंबूत पडद्यावरचा तमाशा, शेजारच्या कनातीत खरा तमाशा, आणि दोन्हीकडची ढोलकी एकमेकींत मिसळलेली. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' लागला की बायांच्या बाजूचं हसू कनातीवरून इकडे यायचं. 'जय संतोषी माँ'ला लोक चपला बाहेर काढून येत आणि पडद्याकडे पैसे फेकत. आणि एखादी रात्र 'मेरे मेहबूब'सारख्या चित्रपटाची असे, ज्यात शेरवानी, शायरी आणि लखनवी अदब असायची.

त्या रात्री आमच्या घराला अचानक भाव येई. माझे अब्बा गावात शिंपीकाम करायचे. लोक त्यांना मास्तर म्हणत. पिक्चर सुटला की चावडीजवळ कुणीतरी हटकून विचारायचं, "मास्तर, त्यो 'तसव्वुर' म्हणजे काय हो?" अब्बा गंभीरपणे टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "उद्या सांगतो." उद्याही ते सांगत नसत, कारण त्यांनाही माहीत नसे. आमची घरची बोली दखनी. लखनौची उर्दू आम्हालाही पडद्यावरच भेटायची, जशी पुणेरी मराठी भेटायची. गाव समजायचं की ती आमची भाषा आहे. खरं तर त्या तंबूत दोन्ही भाषांपुढे आम्ही गावाइतकेच नवखे होतो. मी पुढे मराठीत कविता लिहायला लागलो तेव्हा अनेकांनी विचारलं, "तुम्ही मराठीत कसे?" त्यांना शाळेचं उत्तर देतो, कारण ते सोपं असतं. पण मराठी माझ्या कानात मुरली ती त्या माळावर. ज्यांच्याकडे तिकिटाला पैसे नसत अशी आम्ही पोरं पडदा आणि मागची कनात यांच्यामधल्या बोळात शिरायचो. तिथून चित्र उलटं दिसायचं. नायक डावखुरा, आणि पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी. ती उलटी अक्षरं जुळवत मी कितीतरी नावं वाचली. आवाज मात्र तिथेही सुलटाच यायचा.

अब्बांचं आणि त्या टॉकीजचं नातं वेगळं होतं. ट्रकमध्ये वर्षभर गुंडाळून ठेवलेला पडदा कुठे ना कुठे फाटलेला असायचा. आमच्या गावात आल्यावर तो दुरुस्तीला आमच्या अंगणात यायचा. पांढरं जाड कापड, वाऱ्यानं फडफडू नये म्हणून चारी बाजूंनी दोरीची कड. तो पसरला की अंगण भरून ओसरीवर चढायचा. ठिगळ मागून लावायचं, शिवण बारीक घालायची, आणि होता होईतो मधला भाग टाळायचा. "हिरोईनच्या तोंडावर शिवण येता कामा नये," हे अब्बांचं तत्त्व. खेळ सुरू झाला की बाकीचे चित्र बघायचे. अब्बा शिवण बघायचे. मजुरीचे पैसे मिळायचेच, वर घरातल्यांना पास. आमच्या मोहल्ल्यात सिनेमाला नाक मुरडणारेही होते. अब्बा त्यांना म्हणायचे, "मी कापड शिवतो. त्याच्यावर कोण नाचतंय ते मला कशाला विचारता?"

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. त्यानंतरच्या जत्रांना मुंबईची माणसं आली ती रिकाम्या खिशानं. तंबूच्या दाराशी ओळखीचे लोक घुटमळताना मी पाहिले. मालकानं काहींना तसंच आत सोडलं, पण सगळ्यांना सोडून त्याचं डिझेल निघणार नव्हतं. तंबूला पहिली भोकं पडली ती तिथे. दुसरं भोक १९८७ सालचं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि गावात पाटलांच्या ओसरीवर टीव्ही आला. मग भाड्याचा व्हिडिओ आला. एका रात्रीत तीन पिक्चर, तेही बाजेवर पडून. टॉकीजच्या पाच रात्रींच्या तीन झाल्या.

तंबूनं एकदा जोर मात्र मारला. १९९१ साली विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. पुढची दोन-तीन वर्षं बायांनी तंबू ओसंडून वाहिले. वाड्या-वस्त्यांवरून बैलगाड्या भरून यायच्या. मध्यंतरी कनात पुरुषांच्या बाजूला सरकवावी लागे.

आता १९९३ चा चैत्र सांगतो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या होत्या आणि १२ मार्चला बॉम्बस्फोट. आमच्या गावात काहीही झालं नाही. कुणी वाईट बोललंही नाही. फक्त आवाज खाली आले. पारावर आम्ही गेलो की विषय बदलायचा, आणि बदललेला विषय आम्हालाही कळायचा. त्या वर्षी पाडव्याच्या मागोमाग ईद आली. दोन्ही सण दारं ओढून घेतल्यासारखे झाले. अम्मी म्हणाली, यंदा जत्रेला नको जायला.

ट्रक आला. एरवी पहिल्याच दिवशी पडदा अंगणात पडायचा. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसरा दिवस गेला. अब्बा मशीनवर बसून होते, पण पाय चालत नव्हते. शेवटी म्हणाले, "पुण्यातून शिवून आणला असेल." तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला टॉकीजचा मालक स्वतः आला. पडद्याची गुंडाळी त्याच्या खांद्यावर. ट्रकचा पाटा तुटला म्हणून तो दोन दिवस कामात अडकला होता. "मास्तर, उंदरांनी पार चाळण केलीया. उद्याच्या खेळाला पाहिजे." अब्बा एवढंच म्हणाले, "ठेवा शेठ." अम्मीनं चहा टाकला. मालक चहा प्याला, दर वर्षीसारखी डिझेलच्या भावाची तक्रार केली आणि गेला. मुंबईचं नाव ना त्यानं काढलं, ना अब्बांनी.

आम्ही रात्रभर शिवत बसलो. मी कापड धरत होतो, अब्बा मशीन मारत होते. पहाटे त्यांनी पडदा उजेडाकडे धरायला लावला आणि शिवणी तपासल्या. दुसऱ्या रात्री 'माहेरची साडी' होता. अम्मी जाणार नाही म्हणत होती. खेळाच्या आधी शेजारच्या काकू दारात आल्या. "भाभी, जागा धरलीया, चला लवकर," म्हणाल्या. अम्मी गेली. रडून डोळे सुजवून परत आली. दखनीत आम्ही माहेराला मैका म्हणतो. शब्द वेगळा आहे, रडणं तेच.

एका तंबूनं दंगलीची जखम भरून काढली, असं मी म्हणत नाही. तंबूची तेवढी ताकद नव्हती. मालकालाही काही सिद्ध करायचं नव्हतं, त्याचा पडदा फाटला होता एवढंच. पण आमच्या घरात जे दोन दिवस कुणी बोलत नव्हतं, त्याचं उत्तर त्या गुंडाळीतून आलं. गावाला आपली गरज आहे, इतकं साधं ते उत्तर होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. केबल आली, मग सीडी. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्रपट फिल्मवरून डिजिटलवर जाऊ लागले आणि पुढच्या दशकात नव्या प्रिंट निघणंच जवळजवळ थांबलं. काही टॉकीजवाल्यांनी कर्ज काढून डिजिटल यंत्रं घेतली. बाकीच्यांची जुनी यंत्रं किलोच्या भावानं भंगारात गेली. याच सुमारास जगाचं लक्ष तिकडे गेलं. अमित मधेशिया यांनी तंबूतल्या प्रेक्षकांच्या काढलेल्या छायाचित्रांना २०११ चा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. त्यांनी आणि शर्ली अब्राहम यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवर केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला. ज्या तंबूत आम्ही जगाचा सिनेमा पाहिला, तो तंबू जगानं सिनेमात पाहिला. आनंद वाटला. उशीर झाला असंही वाटलं.

२५ मार्च २०२० ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी चैत्रातल्या जत्रा भरल्या नाहीत. आमच्याकडे येणारा ट्रक तर त्याआधीच थांबला होता. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. तिथे चित्रपट जपले जातात, जपलेच पाहिजेत. पण ते कुठे बसून पाहिले, कुणाच्या शेजारी बसून पाहिले, तिकिटाचे पैसे कुठून आले आणि पडदा कुणी शिवला, हाही सिनेमाचाच इतिहास आहे. तो कुठल्या डब्यात नाही. तो पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या चैत्रात त्यांना विचारा. साल विचारा, गाव विचारा, पिक्चरचं नाव विचारा, आणि लिहून ठेवा.

आमचा हिजरी महिना चंद्रावर चालतो आणि त्याला अधिक मास नाही. त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि बत्तीस-तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येते. १९९३ सारखीच ती २०२५ साली पाडव्याला लागून आली. ३० मार्चला पाडवा, ३१ ला ईद. मी गावी गेलो होतो. जत्रेच्या माळावर पाळणे होते, मोबाइलच्या उजेडात माना खाली घातलेली पोरं होती. तंबू नव्हता. अब्बा आता नाहीत. घरी त्यांची मशीन आहे, अम्मी आहे. शिरखुर्मा घ्यायला शेजारच्या काकू आल्या होत्या, काठी टेकत. निघताना अम्मीला म्हणाल्या, "भाभी, टॉकीज असती तर गेलो असतो नव्हं?"

अम्मी म्हणाली, "तुम्ही जागा धरली असती तर."